वच्छाबाईची बिनधुराची चूल

वच्छाबाई गेल्याची बातमी आली तेव्हा माझा फोन बंद होता. मी केला नव्हता. माझ्या नातीनं, रेवानं, त्याला कुठल्याशा नव्या आवृत्तीला लावलं होतं. "आजी, आता याला हात लावायचा नाही. हे मोठं अपडेट आहे, फोन आतून सगळा नवा होणार," असं बजावून ती तो खिडकीत ठेवून गेली. काळ्या काचेवर एक पांढरी रेघ मुंगीच्या चालीनं सरकत होती आणि दुधावर लक्ष ठेवावं तशी मी चष्मा लावून तिच्यावर लक्ष ठेवून बसले होते. तेवढ्यात आतल्या खोलीत मुलाचा फोन वाजला. अमडापूरहून. तो बोलत बोलत बाहेर आला आणि माझ्या शेजारी टेकला. "मोठी आई गेली," म्हणाला. सकाळचा चहा घेतला, भिंतीला टेकली, ती टेकलीच.

थोड्या वेळानं माझा फोन उजळला. पाहते तर सगळं होतं तिथंच. फक्त घड्याळ डावीकडून मधे आलं होतं आणि चित्रांचे कोपरे जरा गोल झाले होते. आणि डोळ्यांत पाणी असताना माझ्या मनात पहिला विचार काय आला, तर हे वच्छाबाईला सांगायला पाहिजे. बाई, काही नवीन नाही, घड्याळ तेवढं सरकलं. ती म्हणाली असती, "माह्या फोनमधलं त कवाचंच सरकलं व." आयुष्यभर जे काही नवीन आलं ते माझ्याआधी तिच्या दारात आलं. आता गेलीही माझ्याआधी. मला त्याचाही थोडा राग आला, लपवण्यात अर्थ नाही.

वच्छाबाई माझी थोरली जाऊ. तोंडावर मी तिला 'बाई' आणि 'तुम्ही' म्हणायचे. मनात काय म्हणायचे ते वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापण्यासारखं नाही. मी लग्न होऊन अमडापूरला आले तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता. ओट्यावर पुरुषमंडळींचा वाद चालायचा, की हे राज्य खरंच नवं की नुसती पाटी बदलली. आमचे हे म्हणायचे, "नाव नवीन आलं, तलाठी तोच हाये." आत स्वयंपाकघरात आम्हाला त्या वादाशी काही देणंघेणं नव्हतं. आमचं राज्य वेगळंच मोडलं होतं. मी आल्यावर वर्षभरात दोघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या. भांडण नव्हतं, घर पुरत नव्हतं म्हणून. मधे एक भिंत, मागं एकच अंगण. सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, रीतीप्रमाणे धाकट्याकडे, म्हणजे माझ्याकडे राहिल्या.

त्यांचा एक सागवानी पाट होता. सकाळी उठून अंघोळ झाली की तो पाट माझ्या चुलीच्या उजव्या बाजूला मांडायचा आणि त्यावर बसून त्या बोलत राहायच्या. कोणाची गाय आटली, कोणाच्या पोरीला बघायला आले, चिखलीच्या बाजारात कोण कोणाशी बोललं नाही. मी आई सोडून आलेली अठरा वर्षांची पोर. दिवसभर मला दुसरं कोणी बोलायला नव्हतं. हे शेतात जायचे आणि घरी आले की मुके. तो पाट माझ्या चुलीजवळ आहे तोवर हे घर माझं आहे असं मला वाटायचं. आणि मी किती गुणी सून म्हणून सांगू... आत्याबाईंना काडी उचलू देत नव्हते. त्या नुसत्या पराट्यांकडे हात करायच्या, कापूस वेचून झाल्यावर उपटून आणलेल्या त्या झाडांच्या काटक्यांकडे, की मी झटकन म्हणायचे, "आत्याबाई, तुम्ही बसा. मी हाये ना." चुलीचं तोंड चांगलं मोठं, अख्खी पराटी आत सारायची, जळेल तशी पुढं ढकलायची. धूर मात्र घरभर. आत्याबाई खोकायच्या, मी डोळे पुसायचे, दोघी बोलत राहायचो.

त्या सुमारास गावात ग्रामसेविका यायला लागली. बारीक किनारीची पांढरी साडी, खांद्याला पिशवी, पुण्याकडची भाषा. देवळात तिनं आम्हा बायांना जमवलं आणि कापडावर काढलेलं चित्र भिंतीला टांगलं. "ही बिनधुराची चूल. ही तुमच्या जुन्या चुलीची दुरुस्ती नाही बरं का, ही संपूर्ण नवी गोष्ट आहे." पहिली चूल कोणाकडे घालायची असं तिनं विचारलं. माझा हात वर जाणारच होता, पण वच्छाबाईचा आधी गेला. मग मी माझा हात खाली घेऊन पदर सारखा केला आणि शेजारणीला ऐकू जाईल इतक्या बेतानं म्हटलं, "आमच्या चुलीले काय झालं? चांगली जळते." माझ्यातल्या त्या पोरीला आज भेटले तर तिच्या पाठीत एक धपाटा घालीन.

चूल झाली. भांडी ठेवायला तीन तोंडं ओळीनं, लाकडं घालायला लहानसं दार, आणि मागून कुंभारानं भाजलेले नळ एकात एक बसवून थेट छपराबाहेर. वच्छाबाईनं हळदकुंकू वाहिलं, दूध उतू घालवलं. बाया आत चूल पाहायच्या आणि मग पळत अंगणात जाऊन छपरावरचा धूर पाहायच्या, जणू धूर त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. मी शेवटी गेले. हातात गोवरीचा तुकडा घेऊन गेले, विस्तव मागायला. माझी चूल घरी धडधडून पेटलेली होती, पण पाहायला आले असं कसं दाखवायचं? वाकून आत पाहिलं, मागून पाहिलं, नळावर बोटानं वाजवलं.

"मातीचीच हाये की बाई," मी म्हटलं. "आपलीच चूल. वरून नवीन, आतून तेच. नाक तेवढं फुटलं तिले."

"मंग तुह्या चुलीले काऊन नाही फुटत व नाक?" वच्छाबाई विस्तव देता देता म्हणाली. सगळ्या बाया हसल्या. आणि त्यांच्यात कोपऱ्यात बसलेल्या आत्याबाईही हसल्या. तिथं बसून त्यांना खोकला आला नव्हता, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी अंघोळ झाल्यावर त्या म्हणाल्या, "वच्छीकडे जरा बसून येते." पाट काखेत मारला आणि गेल्या. जरा म्हणजे जेवणवेळेपर्यंत. तिसऱ्या दिवशीही तेच. मग ते रोजचंच झालं. माझ्या चुलीच्या उजव्या बाजूला पाटाच्या आकाराची सारवलेली रिकामी जागा, आणि भिंतीपलीकडून काटक्या मोडल्याचा कटकट आवाज, मधेमधे दोघींचं हसणं. मी भिंतीला कान लावून भाकरी थापायचे, त्यामुळे भाकरी जळायच्या. एकदा मी लाल मिरच्यांची अशी फोडणी दिली की ठसका भिंतीवरून पलीकडे जावा. वारा उलटा होता. मीच खोकत अंगणात आले, तर वच्छाबाई पलीकडून पाण्याचा तांब्या घेऊन उभी. "घे व. धूर लय वाईट." त्या तांब्यातलं पाणी मी प्याले, पण ते गोड मानून नाही.

माझी एकच बाजू होती आणि ती मी गावभर मांडत होते, की ती चूल मुळात नवीन नाहीच. विहिरीवर, बाजारात, कुठंही. नळ काढून टाका, काय उरतं? चूल. बाया म्हणायच्या, पण धूर नाही ना इंदू. मी म्हणायचे, धूर आहे, तो फक्त बाहेर आहे. माझ्या नातीला मी परवा हेच सांगत होते तर ती म्हणाली, "आजी, तू तेव्हाची रिव्ह्यू लिहिणारी आहेस." म्हणजे काय ते मी विचारलं नाही, पण मला आवडलं.

सहाएक महिन्यांनी देव मला पावला. वच्छाबाईच्या चुलीनं उलटा धूर सोडायला सुरुवात केली. आधी थोडा, मग इतका की माझी जुनी चूल तिच्यापुढं सोवळी वाटावी. मी रोज विस्तव मागायला जाऊ लागले. "काय व बाई, नाक चोंदलं का?" वच्छाबाई मान वर न करता फुंकणी फुंकत राहायची. शेवटी सेविकाबाई आली, तिनं मागचा नळ सोडवला, हात घातला आणि आतून मातीच्या खपल्यावर खपल्या काढल्या. एकावर एक, चपातीच्या पदरांसारख्या.

"हे काय आहे?" सेविकाबाईनं विचारलं.

"सारवण," वच्छाबाई म्हणाली.

"इथं आत? रोज?"

"मंग? चूल काय पारोशी ठेवू?"

सेविकाबाई हसली. पण आम्हा बायांपैकी कोणीच हसलं नाही, मीसुद्धा नाही. सकाळी उठून शेणमातीचं पोतेरं चुलीवरून फिरवल्याशिवाय ती पेटवायची नाही, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर आलेलं. चूल अंघोळीशिवाय कशी राहील? आणि वच्छाबाईला स्वच्छतेचं इतकं वेड की तिचं पोतेरं जिथवर बोट जाईल तिथवर जायचं. रोजचा एक पातळ हात, आणि धुराचा गळा मिटत मिटत गेला. असं होईल हे त्या चित्र काढणाऱ्यांना कुठून सुचावं, त्यांनी कधी चूल सारवली असेल तर ना.

महिनाभरात सेविकाबाई नवीन चित्र घेऊन आली. "ही सुधारित चूल. पहिलीपेक्षा अगदी वेगळी. सगळंच बदललंय." या वेळी तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझा हात वर होता. दोन्ही हात होते म्हणा. तोवर वच्छाबाईची चूल कशीबशी खरवडून परत जोडली होती, पण तिचा नळ तडकला होता आणि धूर कोंडतच होता. मला वाटलं, आता ठरलं. तिच्याकडे धूर, माझ्याकडे नाही. पाट येणार.

चूल झाली. मी तिला हौसेनं गेरूची किनार काढली. दुपारी बसून पराट्या वितीवितीच्या मोडल्या, कारण दार लहान, आणि चुलीशेजारी त्यांची नीट उतरंड रचली. वच्छाबाई गोवरी घेऊन आली, विस्तव मागायला. वाकून आत पाहिलं, मागून पाहिलं, नळावर बोटानं वाजवलं.

"तीच तर हाये व," ती म्हणाली. "वरून नवीन, आतून तेच."

मी सेविकाबाईला गाठलं आणि खरं काय ते विचारलं. ती इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाली, "वहिनी, गळा दोन बोटं रुंद केलाय. बाकी तीच. तुम्ही लोक सारवणार हे धरून चाललोय." तर ही आमची संपूर्ण नवी चूल. आमच्या पोतेऱ्यासाठी सोडलेली दोन बोटं जागा.

पण मला त्या बोटांशी काय करायचं होतं? आत्याबाई आल्या. पाट घेऊन आल्या. बसल्या, चुलीकडे पाहिलं, माझ्या उतरंडीकडे पाहिलं, "झ्याक झाली व," म्हणाल्या. थोडं बोलल्या, मग हात मांडीवर घेऊन बसून राहिल्या. मी एकामागून एक काड्या आत घालत होते, चूल आवाज न करता जळत होती. दुसऱ्या दिवशी अंघोळ झाली, पाट काखेत मारला, आणि गेल्या. त्या धुरात. तिथं खोकत बसल्या. भिंतीपलीकडून खोकला ऐकू येत होता, कटकट काड्या मोडल्याचा आवाज येत होता, आणि खोकून झाल्यावर हसणं.

माझ्या पोटात जे काही जळलं त्याला कुठलाही नळ पुरला नसता. दोन दिवस मी वच्छाबाईशी बोलले नाही. तिच्या चुलीत काय आहे, धूर आहे, तरी माणसं तिच्याकडे जातात. माझ्याकडे सगळं नवीन, सगळं स्वच्छ, आणि माझ्याकडे बसायला कोणी नाही... तिसऱ्या दिवशी ती आली. हातात गोवरी. मी न बोलता विस्तव दिला. ती गेली नाही. माझ्या काड्यांच्या उतरंडीकडे पाहत उभी राहिली.

"इंदे, हे कोणी मोडलं?"

"मीच. दुसरं कोण मोडंल?"

"आत्याबाई काय करते मंग?"

"काय करू देऊ? बसते. मी त्यायले काडी उचलू देत नाही," मी ताठ मानेनं म्हटलं.

"थेच त," वच्छाबाई म्हणाली. "तिले काम दे व. नुसती बसवून काऊन ठेवतं? देव हाये का थे? माह्याकडे ढीग मोडते, मले शिव्या देते, पोतेऱ्याले नावं ठेवते. तिची सकाळ जाते." आणि विस्तव घेऊन निघून गेली.

आता वाचणाऱ्याला वाटेल, की तेव्हा माझे डोळे उघडले वगैरे. नाही. मला भयंकर राग आला. एक तर तिला हे कळलं होतं आणि मला नाही. वर ते तिनं मला सांगून टाकलं. मी तिच्या जागी असते तर मेले तरी सांगितलं नसतं, पाट माझ्याकडेच ठेवला असता. इथंही तीच मोठी झाली. तो राग अजून माझ्याजवळ आहे, चांगला जपून ठेवलाय.

पण दुसऱ्या दिवशी मी अंगणातून लांबच्या लांब पराट्यांचा भारा आणून चुलीपुढं टाकला. आत्याबाई पाट घेऊन निघाल्या होत्या. मी त्यांच्याकडे न पाहता म्हटलं, "एवढ्या मोडून दिल्या असत्या तर... माह्यानं मोडत नाहीत, हात सोलतात." त्या थबकल्या. "कशी मोडतील? पराटी मोडायची तं गुडघ्यावर मोडतात, अशी," म्हणत पाट टेकवून बसल्या. माझी मोडायची रीत चुकीची, माझी चूल घालायची रीत चुकीची, माझ्या आईनं मला काही शिकवलं नाही. काय बरं वाटलं म्हणून सांगू. पुढं सकाळी पाट पलीकडे आणि संध्याकाळी अलीकडे, असं त्यांनीच ठरवलं. वच्छाबाईला सकाळ मिळाली, म्हणजे मोठा वाटा. तेही माझ्या लक्षात आहे. आत्याबाई गेल्या त्या सकाळच्या वेळी गेल्या, म्हणून पाट तिच्याकडेच राहिला.

मग रॉकेलचा स्टो आला, गॅस आला, मिक्सर आला. प्रत्येक वेळी आधी तिच्याकडे. प्रत्येक वेळी मी विस्तव मागायला जायचे. गॅस आल्यावरसुद्धा, गोवरीच्या जागी काडेपेटी घेऊन. वाकून पाहायचं, मागून पाहायचं, बोटानं वाजवायचं. "वरून नवीन, आतून तेच." आम्ही मुलाकडे बुलढाण्याला राहायला आलो तेव्हा हा विस्तव फोनवर सुरू झाला. तिची नात तिला नवा फोन घेऊन द्यायची आणि ती लगेच मला लावायची, "विस्तव पायजे का व?"

मागच्या हिवाळ्यात तिला शेवटचं भेटायला गेले. मुलासुनांनी तिचं सगळं फार चांगलं ठेवलं होतं. पलंग उंच-खाली होणारा, पाणी हाताशी, बटण दाबलं की सून हजर. वच्छाबाई त्या पलंगावर देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी बसली होती, कोणी तिला काही करू देत नव्हतं. मी पलंगाच्या मागं जाऊन पाहिलं, दांडीवर बोटानं वाजवलं. ती जरा हसली. मग मी अंगणातल्या तुरीच्या हिरव्या शेंगांची टोपली आणून तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, "बाई, एवढ्या सोलून द्या. माह्यानं सोलत नाहीत."

तिनं टोपलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सून "अहो काकू, राहू द्या, मी..." म्हणत पुढं आली, तिला वच्छाबाईनं हातानं थांबवलं. "माह्यीच चाल माह्यावर व, इंदे?" एवढं म्हणाली आणि शेंग फोडली. संध्याकाळपर्यंत दोघी सोलत बसलो. तिचा वाटा माझ्याआधी सोलून झाला, हे काही वेगळं सांगायला नको.

तेरवी झाल्यावर तिचा मुलगा दिलीप आमच्याकडे आला. पिशवीतून पाट काढून माझ्यापुढं ठेवला. "काकू, आई म्हणत होती हा तुमच्याकडे द्यायचा." आता मेल्यावरसुद्धा देणारी तीच. पाटावर नवं पॉलिश केलेलं, लखलखीत, कडेला पितळी पट्ट्या. क्षणभर मला वाटलं, दुसराच पाट आहे, बाजारातून नवा आणून आत्याबाईंचा म्हणून दिला. सवय जाते का? मी बोटानं वाजवला. मग उलटा केला.

खालून तो काळा होता. नुसता काळा नाही, चुलीजवळ वर्षानुवर्षं बसलेला, हात लावला की बोटांना येणारा काळा. आतून तोच होता. जन्मभर हे वाक्य मी टोमणा म्हणून वापरलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा ते टोमण्याशिवाय तोंडातून निघालं. जिथवर बोट जाईल तिथवर पोतेरं नेणारी बाई, नळाच्या गळ्यापर्यंत सारवणारी, तिनं एवढ्या वर्षांत हा पाट एकदाही उलटा करून पुसला नसेल? तिच्याकडून राहून गेला, की तिनं राहू दिला... विचारायला जायला आता विस्तवाचं निमित्त उरलं नाही.

पाट मी गॅसच्या ओट्याखाली उजव्या बाजूला ठेवला आहे. वरून रोज पुसते. खालून नाही. राहू दे पारोसा.